टी-८००ला कातडी आहे म्हणून तो सायबोर्ग होत नाही

प्रश्न असा आलाय: "काका, टर्मिनेटर हा रोबॉट की सायबोर्ग, यावरून माझी आणि रूममेटची पैज लागली आहे. मी म्हणतो रोबॉट. तो म्हणतो, पिक्चरमध्येच त्याला सायबोर्ग म्हटलंय. हरेल त्यानं पार्क चौकात भजी खाऊ घालायची. टी-१००० कशात मोडतो? आणि असलं यंत्र आज खरंच होऊ शकतं का? तुम्ही रोज रोबॉटमध्ये हात घालता म्हणून तुम्हालाच विचारतोय."

पहिली गोष्ट, रोबॉटमध्ये हात घालायचा नसतो. गेली कित्येक वर्षं पोरांना मी एवढंच शिकवतोय. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्यात एक चूक माझीही आहे.

मी कोण, तेही सांगतो. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. शाळा सुटली की मी त्यांचे पाने उचलत फिरायचो. मग पॉलिटेक्निक, मग टॉवेलच्या कारखान्यात रॅपियर मागांची इलेक्ट्रॉनिक्स, आणि गेली चौदा वर्षं चिंचोळी एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या, मशीनला माल भरणारे-काढणारे रोबॉट. टर्मिनेटरचा दुसरा भाग मी शाळेत असताना व्हिडिओ पार्लरमध्ये जमिनीवर बसून पाहिला. पहिला त्यानंतर पाहिला, उलट्या क्रमानं. तेव्हापासून किती वेळा पाहिलेत, ते बायकोला विचारा.

आता पैज. तुझ्या रूममेटची बाजू दिसते तेवढी लेचीपेची नाही. १९८४च्या पहिल्या भागात भविष्यातून आलेला सैनिक काईल रीस सारा कॉनरला सांगतो की तुला मारायला मागे लागलाय तो, म्हणजे टी-८००, माणूस नाही, यंत्र आहे. ती विचारते, म्हणजे रोबॉट? तो स्पष्ट म्हणतो, रोबॉट नव्हे, सायबोर्ग. आत धातूचा सांगाडा, बाहेर जिवंत मांस, कातडी, केस, रक्त. आधीच्या ६०० मालिकेला रबराची कातडी होती, ती लगेच ओळखू यायची. हे नवे घामेजतात, यांच्या तोंडाला वासही येतो. म्हणजे कागदोपत्री पैज तो जिंकला.

पण रीस सैनिक आहे, शब्दकोश घेऊन फिरणारा नाही. सायबोर्ग हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी तयार केला, आणि तो अंतराळवीरांसाठी. त्यांचं म्हणणं होतं की माणसासाठी अंतराळात पृथ्वीसारखी हवा-पाणी घेऊन जाण्यापेक्षा माणसाच्या शरीरालाच अशी यंत्रं जोडा, की जी त्याला लक्ष न देता आपोआप शरीर सांभाळतील. त्यांच्या लेखात एका उंदराचा फोटो आहे. शेपटीजवळ कातडीखाली छोटा पंप, त्यातून औषध हळूहळू झिरपतंय. तो उंदीर म्हणजे पहिला सायबोर्ग. थोडक्यात, मूळ जीव हवा आणि यंत्र त्याच्या मदतीला. जीव मालक, यंत्र चाकर.

रोबॉट हा शब्द त्याहून जुना. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं आपल्या नाटकात तो वापरला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. वेठबिगारीतली वेठ. मजा अशी की चापेकचे रोबॉट लोखंडी नव्हतेच. ते कारखान्यात बनवलेल्या मांसाचे होते. म्हणजे ज्यांच्यावरून रोबॉट शब्द आला ते मांसाचे, आणि ज्याला सायबोर्ग म्हणतात तो लोखंडाचा. नावांचा हा घोळ पहिल्यापासूनचा आहे.

म्हणून मी नावावर जात नाही, सोलून बघतो. कांद्यासारखं. मांस काढून टाकलं तर काय उरतं? पहिल्या भागाच्या शेवटी टँकरचा स्फोट होतो, टी-८००चं सगळं मांस जळून जातं, सारा आणि रीस एकमेकांना मिठी मारतात. आणि त्या आगीतून नुसता सांगाडा उठून चालायला लागतो. त्याच्या चालण्यात काही फरक पडला का? थोडा लंगडतो एवढंच. स्मरण तेच, काम तेच. ते मांस त्याचा भाग नव्हतंच, त्याचा सदरा होता. शिवाय तिकीटही होतं, कारण रीसच म्हणतो की कालयंत्रातून फक्त जिवंत ऊतीच जाऊ शकते. सदरा आणि तिकीट गेल्यानं प्रवासी बदलत नाही. माझ्या मते टी-८०० हा रोबॉटच.

याच मालिकेत खरे सायबोर्ग आहेत, पण ज्या भागांना लोक नावं ठेवतात त्यांत. २००९च्या भागातला मार्कस राइट घे. सांगाडा धातूचा, पण हृदय आणि मेंदू माणसाचे, आणि त्याला बराच वेळ माहीतच नसतं की आपण असे आहोत. २०१९च्या भागातली ग्रेस ही सैनिक मुलगी, शरीरात यंत्रं बसवून ताकद वाढवलेली. दोघं मरतात कसे ते आठव. मार्कस आपलं हृदय साराच्या मुलाला, जॉन कॉनरला, देऊन मरतो. ग्रेस आपल्या छातीतला ऊर्जास्रोत काढून द्यायला लावते आणि मरते. एकाचा जीवंत भाग काढला, दुसरीचा यंत्राचा भाग काढला, आणि दोघंही संपले. हा सायबोर्ग. कुठलाही अर्धा काढला की दुसरा अर्धा टिकत नाही.

दुसऱ्या भागातल्या टी-१००० बाबत वादच नको. त्यात मांसाचा कणही नाही, सगळा द्रवधातू. तो रोबॉटच. फक्त तिकिटाशिवाय कालयंत्रातून कसा आला, ते पिक्चरमध्ये कुणी सांगत नाही. २००३ची टी-एक्स म्हणजे आत सांगाडा, वर द्रवधातू, पुन्हा रोबॉट. २०१५च्या भागात जॉन कॉनरलाच सूक्ष्म यंत्रांनी बदलून टाकलंय. तिथं माणूस उरलाय का नुसतं त्याचं नाव उरलंय, यावर तू आणि तुझा रूममेट आणखी एक पैज लावा.

सोलापुरात सायबोर्ग बघायचा असेल तर माझ्या थोरल्या मामाला बघ. त्याला पेसमेकर आहे. हृदयाचा ठोका चुकला तरच ते यंत्र झटका देतं, ठोका नीट असेल तर गप्प बसतं. ऐकतं, ठरवतं, करतं, आणि मामाला त्याचा पत्ताही नसतो. क्लाइन्स आणि क्लाइन यांना अगदी हेच हवं होतं. मामा दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतो. वेल्डिंग चालू असलं की मी त्याला कारखान्यात येऊ देत नाही. तो म्हणतो, भाचा मामाला हाकलतो. मी त्याला एकदा सांगितलं की तुझं वर्गीकरण टर्मिनेटरच्या वरचं आहे. त्यानं विचारलं, पगार वाढतो का त्यानं?

आता दुसरा प्रश्न, असं यंत्र होऊ शकतं का.

सगळ्यात आधी जेवणाचं बघू. माझ्याकडचा १० किलो उचलणारा रोबॉटचा हात स्वतः शंभर किलोच्या वर आहे, जमिनीला बोल्टनं आवळलेला आहे, आणि त्याचा मेंदू बाजूच्या पॅनेलमध्ये. थ्री फेज गेली की जागच्या जागी गार. दुपारी लाइट गेली की आमचे सगळे टर्मिनेटर चहाला जातात. पायांवर चालणाऱ्या यंत्राला ही सोय नाही, वीज पाठीवर वाहावी लागते. होंडाचा असिमो हा चालणारा रोबॉट २००० साली आला तेव्हा जगभर कौतुक झालं, पण बॅटरी फार तर तासाभराची. टी-८०० सांगतो की त्याचा पॉवर सेल १२० वर्षं चालतो. त्याचे हातपाय, डोळे, बंदूक काही नको, मला तो सेल द्या. उद्या सगळा पूर्व भाग वीजबिलातून मोकळा होईल.

दुसरं, तेल. सांगाडा नीट बघ, दंडावर, मांड्यांवर पिस्टन दिसतात. म्हणजे हायड्रॉलिक. ताकदीला ते उत्तम. पण हायड्रॉलिकवर काम केलेल्या माणसाला विचार, तो पहिल्यांदा खाली जमिनीकडे बघतो. सील गळतात. गळत नाही असं हायड्रॉलिक म्हणजे टाकीत तेल नसलेलं हायड्रॉलिक. अमेरिकेतला ॲटलस हा माणसाच्या आकाराचा रोबॉट, त्याच्या उड्यांचे व्हिडिओ तू पाहिले असशील, तो कित्येक वर्षं हायड्रॉलिक होता. २०२४मध्ये त्या कंपनीनं तो निवृत्त करून विजेवर चालणारा आणला. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. खरा टी-८०० साराच्या मागे धावला असता तर तिला मागे वळून बघायची गरज नव्हती. मोटेलच्या दारापासून तेलाचे थेंब मोजत पोलीसच त्याच्यापर्यंत पोचले असते.

कातडीचं मात्र वेगळं आहे. तिथं पिक्चर फार पुढे नाही. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली रोबॉटच्या बोटावर जिवंत पेशींची कातडी वाढवून दाखवली. जखम झाली तर कोलॅजनची पट्टी लावून भरून निघते. अडचण अशी की त्या कातडीला रक्त पुरवणारं आत कुणी नाही, हवेत ती वाळते. टी-८०० हृदयाशिवाय कातडी जिवंत कशी ठेवतो, हा प्रश्न पिक्चर टाळून जातं. हुशारी केली.

द्रवधातूचंही थोडं सांगतो. गॅलियम नावाचा धातू जेमतेम ३० अंशांला वितळतो. २०२३मध्ये संशोधकांनी त्यात चुंबकी कण मिसळून एक इवलीशी बाहुली केली. ती पिंजऱ्यात वितळली, गजांतून बाहेर आली, आणि साच्यात घालून पुन्हा घट्ट केली. जगभर बातम्या, आला टी-१०००. पण तिला वितळवणारं आणि हलवणारं चुंबकी क्षेत्र बाहेरून माणसं देत होती. आणि आपल्या गावात मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो. ते यंत्र सोलापूर स्टेशनवर उतरलं असतं तर प्लॅटफॉर्मवरच त्याचा काला झाला असता, चुंबक लागलं नसतं.

शरीराचं एवढं पुरे. मला जास्त गोडी आहे ती डोक्याची.

पहिल्या भागात अधूनमधून टी-८००च्या डोळ्यांतून दिसतं. लाल चित्र, कडेला पळणारी अक्षरं. पॉलिटेक्निकला असताना मित्राच्या व्हीसीआरवर मी ते चित्र थांबवलं. टेप थांबली की चित्र थरथरायचं, त्या थरथरीत मी वाचलं: एलडीए. मी ओरडलोच! आम्ही तेव्हा ८०८५च्या किटवर हाच शब्द रोज बोटांनी बडवत होतो, मेमरीतला आकडा उचलून घे असा त्याचा अर्थ. नंतर कळलं की पडद्यावरचा कोड ६५०२ या चिपचा आहे. १९७५ची, २५ डॉलरला मिळणारी, पहिल्या ॲपल संगणकांत असलेली आठ बिटांची चिप. २०२९ सालातून आलेला मारेकरी १९७५च्या चिपवर! लोक याला हसतात. मी नाही हसत. माझ्या कारखान्यात पंचवीस वर्षं जुनी कंट्रोलर कार्डं आजही कामाला येतात. चालतंय ना, मग हात लावू नका, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. स्कायनेटच्या, म्हणजे हे मारेकरी पाठवणाऱ्या भविष्यातल्या संगणकाच्या, मेंटेनन्सवाल्यानंही तेच केलं असेल.

आणि खरं बघितलं तर त्याला मोठ्या डोक्याची गरजच नव्हती. वडील ज्या मागांवर काम करायचे त्यांच्या डोक्यावर जकार्ड होतं. पुठ्ठ्यांची माळ फिरते, पुठ्ठ्यात भोक असेल तर हूक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो, नसेल तर नाही. भोक, नाही, नाही, भोक. खाली चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमाराला निघालेली ही युक्ती, चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी तिथूनच उचलली. एकदा मोराची चोच फाटलेली येत होती. वडिलांनी सगळी माळ हातानं फिरवत एक पुठ्ठा शोधला, एका भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला, दुसऱ्या जागी सुईनं भोक पाडलं. चोच बंद. आयुष्यात बघितलेलं पहिलं डिबगिंग ते. मी विचारलं, मागाला कळतं का मोर चाललाय ते? ते म्हणाले, मागाला पुठ्ठा कळतो.

टी-८००ला पुठ्ठाच कळतो. आठव, तो गावात आल्यावर काय करतो. टेलिफोन बूथमध्ये जाऊन डिरेक्टरीचं पान फाडतो. सारा कॉनर नावाच्या तिघी. स्कायनेटकडे नाव आणि शहर एवढंच आहे, फोटो नाही, पत्ता नाही. मग हा एकेकीच्या दारात जातो, नाव विचारतो, गोळी घालतो. दोन बायका फुकट मेल्या. लोकांना आग आणि सांगाडा आठवतो, मला ते पान आठवतं. भविष्यातलं सगळ्यात प्रगत यंत्र, आणि त्याचा डाटा इतका भिकार. सिद्धेश्वराच्या गावात सिद्धाराम नावाच्या माणसाला मारायला असलं यंत्र पाठवलं तर काय होईल, विचार कर. साखर पेठेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या गोळ्या संपतील.

रीसचं ते प्रसिद्ध बोलणं आहे ना, की त्याच्याशी सौदा होत नाही, त्याला दया नाही, भीती नाही, आणि तू मरेपर्यंत तो थांबणार नाही. यातलं पहिलं सगळं माझ्या मिक्सरलाही लागू आहे. यंत्राला दया नसतेच. माझ्या अंगावर काटा येतो तो शेवटच्या शब्दावर. थांबणार नाही. कारण आमचा सगळा धंदाच यंत्र थांबवण्याचा आहे. चालू करायला काय, कुणीही करतो. आपोआप थांबणाऱ्या मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्र्याची ड्रॉप पिन लोंबत असते. हजारोंतला एक धागा तुटला, की ती पिन पडते आणि माग थांबतो. एका धाग्यासाठी! टी-८००मध्ये एकही ड्रॉप पिन नाही.

रोबॉटला हालचाली शिकवताना हातात जो पेंडंट, म्हणजे बटणांचा डबा, असतो त्याच्या मागे एक स्विच असतो, त्याला डेडमॅन म्हणतात. तो हलका दाबून धरला तरच हात हलतो, तोही सावकाश, सेकंदाला जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर. सोडला तर थांबतो. आणि घट्ट आवळला तरीही थांबतो. हे का, माहीत आहे? घाबरलेला माणूस दोनपैकी एक करतो, हातातलं टाकतो नाहीतर मूठ आवळतो. ज्यानं हे शोधलं त्यानं यंत्राचा नव्हे, माणसाचा अभ्यास केला होता.

आता माझी चूक. कारखान्याचं नाव सांगत नाही. एका सेलमध्ये, म्हणजे रोबॉटच्या बंदिस्त जागेत, रोबॉटची शिकवणी चालू होती, मला सारखं आत डोकवावं लागत होतं, आणि दार उघडलं की रोबॉट बंद पडत होता. मी दाराच्या स्विचला वायरचा तुकडा लावून शॉर्ट केला. चार इंचाची पिवळी वायर. काम झालं की काढू म्हटलं. काम झालं, जेवायला गेलो, वायर राहिली. दोन दिवसांनी रात्रपाळीत फिक्श्चरवरच्या, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) धरणाऱ्या साच्यावरच्या, सेन्सरवर कूलंट आणि चुरा साचला. त्याला जॉब दिसेना, म्हणून रोबॉट हात वर करून उभा राहिला. हेल्परनं बघितलं, बंद आहे. दार उघडून आत गेला. दार उघडल्यावर सगळं बंद व्हायला हवं होतं, माझ्या वायरमुळे झालं नाही. त्यानं वेस्टच्या बोळ्यानं सेन्सर पुसला. पुसल्या क्षणी सेन्सरला जॉब दिसला, आणि ज्या सिग्नलची वाट बघत रोबॉट उभा होता तो मिळाला. हात खाली आला. पोरगा मागे सरकला म्हणून डोकं वाचलं, ग्रिपर, म्हणजे रोबॉटचा पंजा, खांद्यावर बसला, गळ्याजवळचं हाड मोडलं. बाहेरच्यानं लाल बटण दाबलं.

मी सकाळी पॅनेल बघितलं. अलार्मच्या यादीत एक ओळ होती: सहाव्या अक्षावर टक्कर. रोबॉटच्या हिशेबी त्या रात्री एवढंच घडलं. पोरगा सहा महिन्यांनी कामावर आला. मला अजून काका म्हणतो, ते जास्त जड जातं.

थांबलेला रोबॉट आणि बंद रोबॉट यात फरक आहे. थांबलेला वाट बघत असतो. जगात रोबॉटच्या हातून गेलेला पहिला कामगार २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या मोटार कारखान्यात गेला, ओतकाम विभागात. तो माल काढायला रॅकवर चढला होता आणि मागून हात आला. पहिला टर्मिनेटर यायला तेव्हा पाच वर्षं होती.

यावरून त्या पिक्चरचा कारखान्यातला शेवट पुन्हा बघ. रीस आत शिरल्यावर सगळी यंत्रं चालू करतो, आवाजात आणि हालचालीत आपण सापडू नये म्हणून. ही युक्ती मला पटते, गोंगाटात सेन्सर खरंच गोंधळतात. मग सारा हायड्रॉलिक प्रेसमधून पलीकडे सरपटते, अर्धा सांगाडा तिच्या मागे, आणि ती बटण दाबून त्याला चिरडते. आता माझ्यासारख्या माणसाची तक्रार ऐक. आजच्या नियमानं त्या प्रेसला दोन बटणं असती, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, आणि पुढ्यात प्रकाशाचा पडदा असता. टी-८००चा हात त्या पडद्यात असताना प्रेस खाली आलीच नसती. म्हणजे सुरक्षा अधिकारी चांगला असता तर सारा मेली असती. हा विनोद मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, आणि त्यानंतर लगेच पिवळ्या वायरची गोष्ट सांगतो.

खरे मारेकरी रोबॉट आहेत का, असंही तुला विचारायचं असेल. आहेत, पण त्यांना पाय नाहीत. भूसुरुंग हा सगळ्यात मठ्ठ रोबॉट, त्याचं एकच कलम: वजन पडलं की फूट. अमेरिकी युद्धनौकांवर १९८०पासून फॅलँक्स तोफ आहे, रडारनं येणारं क्षेपणास्त्र हेरून ती स्वतःच गोळीबार करू शकते. घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारे ड्रोन आता सगळ्यांना माहीत झालेत. पिक्चरमधली उडणारी हंटर-किलर यंत्रं टी-८००पेक्षा वास्तवाच्या जास्त जवळ आहेत. माणसासारखं दिसणं हे फक्त लपून शिरण्यासाठी, नाहीतर दोन पाय म्हणजे पडायची हमी. २२ डिसेंबर २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दल ठराव आला. १५२ देश बाजूनं, ४ विरोधात, आणि त्या चारांत आपण होतो. आपल्या सरकारचं म्हणणं, ही चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली चालू आहे, तिथंच होऊ द्या. त्या वादात मी पडत नाही. मला तिथं बोलावलं तर एकच विचारीन, दाराचा स्विच कुठं आहे आणि त्याला वायर कोण लावणार?

दुसऱ्या भागात याचं उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, म्हणून तो मला पहिल्यापेक्षा आवडतो. जॉन टी-८००ला शपथ घालतो, कुणाला मारायचं नाही. पुढच्याच क्षणी तो पहारेकऱ्याच्या पायांवर गोळ्या झाडतो आणि म्हणतो, जगेल. आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारी नवी पोरं अगदी असंच करतात: सांगितलेलं अक्षरशः पाळायचं. आणि शेवट आठव. टी-१००० वितळलाय, आता या टी-८००ची चिपही नष्ट व्हायला हवी. तो म्हणतो की मी स्वतःला संपवू शकत नाही, तुम्हीच मला खाली वितळलेल्या पोलादात सोडा. सारा होइस्टचं बटण दाबते, साखळी खाली जाते. दोन पिक्चर, दोन टर्मिनेटर, आणि दोन्ही वेळा बटणावर बोट साराचंच.

पैजेचा निकाल असा: पिक्चरच्या शब्दानं रूममेट जिंकला, यंत्राच्या हिशेबानं तू. भज्यांचे पैसे निम्मे-निम्मे करा. मला बोलवणार असाल तर रविवारी, त्या दिवशी शटडाउन, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती, नसतो.